माझ्या नावावर बसलेली माणसं

१८ नोव्हेंबर २०१३, सोमवार

ठाण्यातून फोन. "शिवदासबाब, उद्या अकराला येऊन जा. घाबरू नका, नुसतं विचारायचं आहे." घाबरू नका म्हटलं की माणूस आधी घाबरतो आणि मग कारण शोधतो. देवकी नारळ खवत होती. हात न थांबवता म्हणाली, "किदें बरयलां तुमी?"

"काही नाही लिहिलं."

"मागीर कित्याक आपयतात?"

खरंच की! सत्तावीस वर्षांच्या बातमीदारीत पोलिसांनी बोलवावं असं एक वाक्यही माझ्या हातून उतरलेलं नाही. बायकोला हे माझ्या आधीपासून ठाऊक.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

निरीक्षक तरुण आहे. सभ्य. चहा मागवला, खुर्ची दिली. मग टेबलावर एक लांबट वही ठेवली. पाहताक्षणी ओळखली — डिचोली बाजारातल्या गोकुळदासच्या सायबर कॅफेची. नाव, ओळखपत्र, मशीन, काम कशाचं, आलेली वेळ, गेलेली वेळ. बातम्या मी तिथूनच पाठवतो.

"एकोणतीस ऑक्टोबर, चार नंबरचं मशीन, संध्याकाळी सहा ते सात. तुमचं नाव आहे."

त्या तासात त्या मशीनवरून कुणीतरी इंटरनेटवरच्या एका पानावर मजकूर चढवला. औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात प्रेसच्या मशीनखाली एका कामगाराची तीन बोटं गेली. अविनाश त्याचं नाव, गाव बेळगावकडचं. दवाखान्याचा कागद न देता त्याला बसमध्ये बसवून घरी धाडलं आणि हजेरीत लिहिलं — स्वतःहून काम सोडलं. खाली लिहिणाऱ्याचं नाव नाही. मॅनेजरने तक्रार दिली. बदनामी, शिवाय ते सहासष्ट-अ कलम, ज्यात कुणाला राग येईल असं काही इंटरनेटवर लिहिलं की माणूस आत जाऊ शकतो. राग न येणारं लिहायचं तर पंचांगच उरतं. कनेक्शन देणाऱ्या कंपनीने लेखी कळवलंय, जागा हीच, वेळ हीच.

"मजकूर बघू?" मी म्हटलं.

"पान बंद झालंय. प्रिंट आहे, ती फाइलला लावली. नंतर."

म्हणजे ज्याने कारखान्याचं नाव धुळीला मिळालं तो मजकूर आता तालुक्यात कुणालाच वाचता येत नाही. तरी नाव मिळालेलंच आहे धुळीला. अवघड शास्त्र!

मग त्याने पानं मागे उलटायला सुरुवात केली. चेहरा हळूहळू बदलला.

"शिवदासबाब, तुम्ही नर्सिंगला अर्ज केलाय?"

"केला असेन."

"दुबईतल्या कुणाशी दर शुक्रवारी बोलता?"

"बोलतो वाटतं."

"आणि हे पाहा. अकरा तारखेला तुम्ही एकाच वेळी दोन नंबरवरही होता आणि पाच नंबरवरही."

"योगसामर्थ्य," मी म्हटलं. निरीक्षक हसला नाही. दारातला शिपाई हसला, मग खोकला.

"एक तर ते तुम्ही लिहिलंत," निरीक्षक म्हणाला, "किंवा गोकुळदास खोटी वही ठेवतो. दोन्हीतलं एक मला लिहून हवं. सोमवारपर्यंत आठवा."

२० नोव्हेंबर, बुधवार

चूक माझीच. दोन वर्षांपूर्वी आमच्या वाड्यावरची सेजल नर्सिंगचा अर्ज भरायला कॅफेत आली. ओळखपत्र नाही. गोकुळदास म्हणाला, नियम आहे, बसता येणार नाही. पोरीच्या डोळ्यांत पाणी. मी शेजारीच होतो. म्हटलं, "लिही माझं नाव. झिजतं थोडंच!" माझ्या ओळखपत्राची झेरॉक्स होतीच त्याच्याकडे.

तेव्हापासून ती रीतच पडली. ज्याच्याकडे कागद नाही तो माझ्या नावावर बसतो. दुबईतल्या नवऱ्याशी बोलणारी भाग्यलक्ष्मी — वहीत नाव जायला नको, सासू गोकुळदासची मावशी! कुंडल्या जुळवणारे. कोल्हापूर-बेळगावकडून आलेले कामगार, ज्यांचे कागद मुकादमाच्या ट्रंकेत. मला कळायचं, आणि खरं सांगायचं तर बरं वाटायचं. छापून येऊन जे माझ्या नावाला जमलं नाही ते गोकुळदासच्या वहीत जमत होतं. कुणाच्या तरी उपयोगी पडणं.

आज गोकुळदासला गाठलं. दुकान अर्धं बंद. "बाब, म्हजें लायसन वतलें," लायसन जाणार, एवढंच तीनदा. मग हळूच सांगितलं. त्या दिवशी चार नंबरवर निवृत्ती होता. अविनाशचा थोरला भाऊ. अजून त्याच कारखान्यात कामाला आहे. कारखान्याच्याच खोलीत आठ जणांत राहतो. नाव फुटलं तर त्याच दिवशी काम जाणार आणि खोलीही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

काही लिहिलं नाही, कुठे गेलो नाही. उंडे पाव आणले, चहात बुडवून खाल्ले. देवकी म्हणाली, "सांगा म्हूण, हांव न्हय. वही गोकुळदासाची, नाव लिहिणारो तो."

"मग निवृत्ती?"

"तो कोण तुमचो?"

व्याकरणात षष्ठीने संबंध दाखवतात, पण आधी तो असावा लागतो.

शहाऐंशी साल आठवलं. गोव्याच्या राजभाषेचं आंदोलन, मी पेडण्यात नवा बातमीदार, बातमी तारेने जायची. तारेवरचा पांडुरंगबाब माझी प्रत्येक तार मोठ्याने वाचायचा. सगळं पोस्ट ऐकायचं. एकदा मी लिहिलं, रस्ता तीन ठिकाणी अडवला. त्याने खोडून चार केलं. "म्हापशाहून येताना मी मोजले." वाचायचा, पण समोर बसून वाचायचा. तार जुलैत बंद झाली. आताचे वाचणारे कुठे बसतात ठाऊक नाही, आणि चूक असली तरी दुरुस्त करत नाहीत.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

निवृत्ती घरी आला. पहिली पाळी सुटल्यावर, चालत. अंगावर कारखान्याचा निळा शर्ट, उलटा घातलेला, म्हणजे वरचं नाव दिसू नये. पस्तिशीचा असेल. पायरीवरच बसला. वर ये म्हटलं तरी नाही.

"गुर्जी, मी जातो की ठाण्यात. माझं नाव सांगतो."

"आणि काम?"

"जाईल."

"घरी कोण?"

"आई हाय. अविनाश हाय, पर त्याला आता नांगर धरवत न्हाई." उजव्या हाताचा पंजा उघडून मिटला. "तुमच्या नावावर बसलो, चुकी झाली. त्या दिशी गोकुळदासशेट म्हणले, बस, गुर्जींचं नाव हाय. मला वाटलं तुमाला इचारलंय."

"विचारलं होतं," मी म्हटलं. दोन वर्षांपूर्वी, एका पोरीसाठी. तरी खोटं नाही.

तो खाली बघत होता. "गुर्जी, त्यात मी जे लिवलंय ना, त्यात..." तेवढ्यात देवकी चहा घेऊन आली, आणि त्याने घाईने कप धरला. काल 'तो कोण तुमचो' म्हणणारी बाई! बशीत चार बिस्किटं. एक जास्तीचं पुडीत बांधून दिलं.

"सोमवारपर्यंत कुठे जाऊ नको," मी सांगितलं. नजर न देताच गेला. संकोचला असेल.

२३ नोव्हेंबर, शनिवार

पणजीहून कचेरीतल्या विनायकचा फोन. "बाब, ह्या भानगडीत आपण नाही ना?" आपण म्हणजे पेपर. मी त्या 'आपण'मध्ये आहे की नाही ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

देवकीला सांगितलं, उद्या काय करणार ते. बराच वेळ भांड्यांचा आवाज. मग म्हणाली, "धुवट सदरो घालून वचात."

२५ नोव्हेंबर, सोमवार

लिहून दिलं. 'सदर मजकूर मी लिहिला.' गोकुळदासची वही त्या ओळीपुरती खरी ठरली.

निरीक्षकाने दोनदा विचारलं, "नक्की?" दुसऱ्यांदा पेन खाली ठेवून विचारलं. माणूस वाईट नाही. मी नक्की म्हटलं. त्याने उसासा टाकला, फाइल उघडली आणि प्रिंट पुढे सरकवली. "मग प्रत्येक पानावर सही करा. हा तुमचाच मजकूर, म्हणून."

दोनच पानं. पहिल्यांदा वाचली. भाषा साधी, कुठे शिवी नाही, कुठे उपमा नाही. मी लिहिलं असतं तर दोन्ही असत्या. पहिल्या पानावर सही केली. दुसऱ्याच्या शेवटी —

'गावी जायच्या दिवशी डिचोली स्टँडवर अविनाशने इथल्या पेपरच्या बातमीदाराला हात दाखवला. गुरुजी म्हणतात त्यांना. ते बघू म्हणाले. माणूस वाईट नाही. दमलेला आहे.'

निरीक्षक माझ्याकडे बघत होता. त्याने ते आधीच वाचलेलं होतं, आठवड्यापूर्वी! "इथले गुरुजी म्हणजे तुम्हीच ना? हे स्वतःबद्दल लिहिलंत?"

"हो."

"आणि हे खरं आहे?"

"हो," मी म्हटलं, आणि सही केली. दुसरी सही पहिलीपेक्षा चांगली आली.

कोर्टाची तारीख कळवतील. पेपरने दुपारीच कळवलं, उद्यापासून बातम्या पाठवू नका.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

ऑगस्टमधली गोष्ट. स्टँडवर अविनाशच्या हातावरची पट्टी पिवळी पडली होती. तो सोडायला लागला, मी म्हटलं राहू दे. गेल्या मंगळवारी निरीक्षकाने 'तीन बोटं' म्हटलं तेव्हाच मला तो हात आठवला होता. घरी येऊन इथे सगळं लिहिलं, अगदी शिपाई खोकला तेसुद्धा. हे सोडून. ही वही माझ्याशिवाय कुणी उघडत नाही.