डाव्या हातातलं झाड

काका, तुमच्या दुकानात मी पहिल्यांदा नाणं हातात घेतलं तेव्हा तुम्ही ओरडला होतात, "अरे, तोंडावर अंगठा काय ठेवतोस? कडेने धर!" मी सातपूरच्या कारखान्यातला फिटर, शिक्षण दहावी. जुनी जर्मन नाणी एका जाडजूड सूचीवरून आपली आपणच शिकलो, याचा मला भारी अभिमान. तुम्ही सराफ बाजारातले चांदीचे कारागीर. मोडीत एखादं परदेशी नाणं आलं की वितळवण्याआधी माझ्यासाठी बाजूला ठेवायचात.

१९९६च्या फेब्रुवारीतला तो शनिवार. कळवणच्या एका बाईंच्या मोडीतून निघालेलं थालर, म्हणजे जुनं जर्मन चांदीचं नाणं, तुम्ही रुमालातून काढून माझ्यापुढे ठेवता. सतराव्या शतकातलं, ब्रुन्सविकचं, वर झाळलेली कडी धरून एकोणतीस ग्रॅम. त्यावर उघडा, दाढीवाला रानमाणूस, हातात मुळासकट उपटलेलं झाड. "हा तर मारुती! शेपटी विसरले तुझे जर्मन," तुम्ही म्हणता. मी भिंग लावतो. माझ्या सूचीतल्या चित्रात झाड उजव्या हातात आहे, इथे डाव्या. "चांदी खरी आहे काका, पण नाणं खोटं." तुम्ही म्हणता, "अरे, दमला असेल, हात बदलला असेल." गिऱ्हाइकं हसतात. आणि मी त्या सगळ्यांसमोर बोलून जातो, "तुम्हाला चांदी कळते, नाणं नाही कळत. टाका मुशीत." तुम्ही कडी कापलीत आणि नाणं मुशीत टाकलंत.

सात वर्षांनी कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत तसंच नाणं पडद्यावर उघडलं. झाड डाव्या हातात. त्या काळी ठसे दोन्ही तऱ्हेचे निघत होते, माझ्या सूचीत चित्र एकाचंच होतं. दुसऱ्या दिवशी सांगायचंच म्हणून आलो. तुम्ही अर्धा चहा बशीत ओतून माझ्यापुढे सरकवलात. "काय रे, जर्मनीची काय खबर?" "काही विशेष नाही," मी म्हणालो. त्यानंतर दोन वर्षं तुम्ही होतात. एकही शनिवार मी चुकवला नाही, आणि एकाही शनिवारी सांगितलं नाही.

परवा तुमच्या मुलाने एका गिऱ्हाइकाशी माझी ओळख करून दिली. "आमचे बाबा सगळ्यांना सांगायचे, ह्यांनी एका नजरेत खोटं जर्मन नाणं पकडलं. पोरगं माझ्या पुढे गेलं, म्हणायचे." तेव्हा तरी खरं सांगता आलं असतं. "झाड चुकीच्या हातात होतं," मी म्हणालो. आणि काका, म्हणताना मला बरं वाटलं. तुमचा पत्ता असता तर हे मी लिहिलं नसतं.