बरणीला पांघरलेली शाल

तिरुवल्लिकेणी, चेन्नई
४ मे २०२४

ती. सरोजिनीताईस,
अशोकचा सा. न. वि. वि.

फोनवर तू माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाहीस, म्हणून लिहितो. काल दुपारी जिंजर बिअरच्या अकरापैकी नऊ बाटल्या एकामागून एक फुटल्या. तुझी भावजय विद्युलता जेवत होती, ती ताटासकट मोरीत जाऊन बसली. खाली आमच्या घरमालकीण विशालाक्षी मामींची सोवळ्याची साडी वाळत होती, तिच्यावर सगळा फेस. मामी वर आल्या आणि बँकेतून निवृत्त झालेला माणूस घरात दारू गाळतो का, असं विचारू लागल्या. आलं, साखर, लिंबू आणि पाणी, एवढंच असतं हे सांगून माझं तोंड दुखलं.

मी सगळं तू कृती लिहून दिलेल्या कागदाबरहुकूम केलं होतं. बाटल्या भरून दहा दिवस, ना कमी ना जास्त. आईचं विरजण तेवढं वाचलं. आल्याचं ते फसफसणारं पाणी पन्नास वर्षं घरात जिवंत आहे. आता एक बरणी तुझ्याकडे, एक माझ्याकडे. आईच्या हातचं जगात एवढंच उरलंय, नाहीतर या वयात हा खटाटोप कोण करतो?

मार्चमध्ये तुझ्या भाच्यानं, संकेतनं, पाचगणीला आणून दिलेल्या दोन बाटल्या कशा होत्या, तेही तू अजून कळवलेलं नाहीस.

लोभ आहे तसा असू दे, कानउघाडणी थोडी कमी चालेल.
तुझा,
अशोक


पाचगणी
१३ मे २०२४

चि. अशोक यास,
अनेक उ. आशीर्वाद.

बाटल्या फुटल्या म्हणजे मोजमाप चुकलं. कप म्हणजे कप, हाताला लागेल ती वाटी नव्हे. दहा दिवस म्हणजे दहा. एकतीस वर्षं शाळेत मुली शिकवल्या, पण एकीनंही तुझ्याइतका वैताग दिला नाही.

विरजण शेगडीजवळ ठेवतोस ना? आणि आई गुंडाळायची तशी वरून शाल गुंडाळ, त्याला गारठा सोसत नाही. रोज चमचा बुडवून चाखायची बाबांची सवय तुला लागली आहे, ती सोड. मोजायचं आणि गप्प बसायचं.

तुझ्या बाटल्यांची चव बरी होती. विद्युलतास आशीर्वाद. माया आहे म्हणून बोलते, हे ध्यानात ठेव.
तुझी,
ताई


तिरुवल्लिकेणी
२४ मे २०२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गुंडाळली शाल. चेन्नईत, मे महिन्यात, पारा चाळीसच्या वर असताना, शेगडीला खेटून! तू सांगितलंस आणि मी मुकाट्यानं ऐकलं, साठी उलटून गेली तरी माझी ही खोड जात नाही. मामी वर आल्या, शाल बघितली आणि घरात कोण आजारी आहे म्हणून विचारलं. चौथ्या दिवशी विरजण मेलं. काळं पडलं, कुजक्या मोज्यांसारखा वास सुटला. विद्युलतानं ते ओतून दिलं तेव्हा मी गॅलरीत जाऊन रडलो.

मामींना दया आली असावी. म्हणाल्या की त्या इडलीच्या पिठाला तास मोजत नाहीत; उन्हाळ्यात ते चार तासांत येतं, मार्गळीच्या, म्हणजे डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत अख्खी रात्र घेतं. झाकण काढायचं आणि हुंगायचं. देवानं नाक दिलेलं असताना कॅलेंडर कशाला बघता, असं त्यांनी मला विचारलं.

आणखी एक. विद्युलतानं काल कबूल केलं, की मार्चमध्ये तिनं घाईत संकेतला भलत्याच बाटल्या दिल्या. तिच्या टी. नगरच्या रेशमी साड्या धुवायला रिठ्याचं पाणी करून ठेवलं होतं, ते! ताई, पिशवी न उघडता आलं जून आहे हे सांगणारी तू, रिठ्याला बरी चव म्हणतेस? म्हणजे तू बूचसुद्धा काढलं नाहीस. मला फार लागलं हे.

तरी मागतो. आता आईचं फक्त तुझ्याकडे आहे. चमचाभर दे.
रागावलेला, पण तुझाच,
अशोक


पाचगणी
२ जून २०२४

चि. अशोक यास,
अनेक आशीर्वाद.

बूच काढलं होतं. पेलाभर प्यायले आणि दोन दिवस पोट धरून बसले. वाटलं, अशोकला अजून जमत नाही, पण नाउमेद कशाला करा.

तीन वर्षांपूर्वी तो करोनाचा ताप आला, त्यात माझा वास गेला आणि चवही गेली. परत आली नाही. तुला सांगितलं असतं तर एकटीनं गॅस पेटवू नकोस म्हणत तू मला उचलून चेन्नईला नेलं असतंस, आणि मला तिथं राहायचं नाही. म्हणून मी दिवस मोजते. माझ्याकडे दुसरं काही नाही.

बरणीत बुडबुडे दिसतात, पण नासलं तरी बुडबुडे येतातच. शेजारच्या स्वरदाला हुंगायला दिलं, तिनं नाक मुरडलं. पण ती मुलगी पोह्यांनाही नाक मुरडते. आईनं विश्वासानं दिलेलं मी तीन वर्षं नासवत बसले असेन, तर तिला काय तोंड दाखवू? स्वतःचाच इतका वैताग आला आहे.

चमचाभर कशाला, ये आणि तूच बघ.
तुझी,
ताई


तिरुवल्लिकेणी
२९ जून २०२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पाचगणीला आलो तेव्हा तुझ्या स्वयंपाकघरात चमचा तोंडात घालून मी फर्स्टक्लास म्हणालो, ते खोटं होतं. रॉकेल प्यायल्यासारखं वाटलं. तू टेबलाचा कोपरा घट्ट धरून उभी होतीस, मग माझ्याच्यानं खरं बोलवेना. तळाचं थोडं थर्मासमध्ये घेऊन आलो आणि सरळ मामींच्या हवाली केलं. त्यांनी ते माठाशेजारी गार फरशीवर ठेवलं, दिवसातून दोनदा आलं-साखर घातली, दर वेळी हुंगलं. सहाव्या दिवशी गुडघे दुखत असताना जिना चढून आल्या आणि बरणी माझ्या नाकाखाली धरली. आपल्या घराचा वास, ताई. जिवंत आहे. तू नासवलं नाहीस, उपाशी ठेवलं होतंस एवढंच.

काल पहिली बाटली उघडली, भरल्यापासून दोनच दिवसांत. दहा नव्हे. तुझ्यासाठी चव लिहून काढतो. आधी जिभेच्या टोकाला गोड. मग घशात आल्याचा चटका आणि नाकात झिणझिण्या. पण घोट गिळल्यावर आईच्या बिअरनं गालात बारीकशी कळ यायची, ती येत नाही. काय चुकलं ते तूच सांगू शकशील.

गॅस गळला तर ओरडणारं यंत्र भिंतीला लावून आलोय, ते काढू नकोस. तुला कुणी कुठं नेत नाही.
तुझा,
अशोक


पाचगणी
७ जुलै २०२४

चि. अशोक यास,
अनेक आशीर्वाद.

लिंबू पाण्याबरोबर उकळलंस ना? शंभरदा सांगितलं असेल आईनं, पाणी पुरतं गार झाल्यावरच लिंबू पिळायचं. तुझं लक्ष म्हणून कशात नसतं. पुढची बाटली उघडलीस की लगेच लिही, आणि असंच सविस्तर लिही.

ती कळ गालात, कानाच्या जरा खाली यायची. तुझं पत्र वाचताना मला आली.
तुझी,
ताई