प्रार्थनेचा विषय

आई, आज संध्याकाळी सातला माझ्या घरी प्रार्थनासभा आहे आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला तिची धास्ती वाटतेय. पुलाव झाकून ठेवलाय, शेजारून खुर्च्या आणल्यात, आता कुठे चार वाजलेत. तू जाऊन बावीस वर्षं झाली. मी अमेरिकेत ज्या गावात राहते त्या मॉरिसव्हिलचं नावसुद्धा तू कधी ऐकलं नव्हतंस. तरी तुलाच लिहितेय, कारण जिला सांगितलेलं पुढे जात नाही अशी मला माहीत असलेली तू एकटीच.

इथे आमची आठ-दहा मराठी ख्रिस्ती कुटुंबं आहेत, पुण्याची, नगरची, नागपूरची. दर शुक्रवारी कुणाच्या तरी घरी जमतो. गाणी होतात, बायबलमधलं वचन होतं, मग प्रार्थनेचे विषय. कुणाचा व्हिसा अडकलेला असतो, कुणाच्या सासऱ्यांचं ऑपरेशन असतं. महिन्यापूर्वी विषय सांगायची माझी पाळी आली. त्याच आठवड्यात तुझ्या नातीनं, सतरा वर्षांची आहे ती, मला गाडीत सांगितलं होतं की परीक्षेआधी तिचे हात थरथरतात, श्वास अडकतो, म्हणून ती शाळेतल्या कौन्सेलरकडे जाते. कुणाला सांगू नको, असंही म्हणाली होती. मी दोन दिवस ते पोटात ठेवलं, म्हणजे माझ्या मानानं पराक्रमच केला. शुक्रवारी डोळे मिटले, आवाज खाली आणला, "माझ्या लेकीसाठी प्रार्थना करा" म्हणाले आणि सगळं ओतून मोकळी झाले, अगदी औषध सुरू करायचा विचार चाललाय इथपर्यंत. हे सगळ्यांना ठाऊक झालेलंच आहे, म्हणून तुला लिहिते.

रविवारी उपासनेनंतर पार्किंगमध्ये एका मावशींनी तिचा हात धरला. "बेटा, आम्ही सगळे तुझ्यासाठी प्रे करतोय हं. एक्झामचं टेन्शन अजिबात घ्यायचं नाही." बाईंच्या मनात वाईट काही नव्हतं. पोरीनं हात सोडवून घेतला आणि गाडीत बसल्यावर म्हणाली, "यू टोल्ड देम."

"अगं, प्रार्थनेसाठी सांगितलं."

"दॅट्स गॉसिप, मम्मी. विथ आमेन ॲट द एंड."

त्यानंतर तीन आठवडे हो, नाही, ओके. शाळेत सोडताना गाडीत नुसता वायपरचा आवाज. मी संतापले होते, खरं सांगते. आईवर असा आरोप करायचा म्हणजे काय! आणि संताप उतरला तेव्हा तू समोर आलीस.

मी अकरा वर्षांची आहे. तू मिशन हॉस्पिटलातून ड्यूटी करून आली आहेस, हातांना फिनेलचा वास आहे. अर्ध्या गावाच्या बायकांची दुखणी तुला माहीत आणि घरात आम्हाला एकही नाही. दुपारी तुझा डबा द्यायला दवाखान्यात आले होते तेव्हा समोरच्या काकूंना मी वॉर्डाबाहेर रडताना पाहिलं. संध्याकाळच्या प्रार्थनेला महिला मंडळाच्या एक मावशी येऊन बसल्या आहेत. प्रार्थना करायची माझी पाळी येते आणि मी ठसक्यात म्हणते, "देवा, समोरच्या काकूंना बाळ दे, त्या आज दवाखान्यात फार रडल्या." मला वाटलं होतं तू कौतुक करशील. तू आमेनसुद्धा म्हणाली नाहीस. मावशी गेल्यावर कणीक मळता मळता, माझ्याकडे न बघता म्हणालीस, "हे तू देवाला नाही सांगितलंस. मावशींना सांगितलंस." दुसऱ्या दिवशी मला समोरच्या दारात उभं करून माफी मागायला लावलीस. काकूंनी दार लावून घेतलं. परत येताना तू एवढंच म्हणालीस की लोक आपली गाणी ऐकून आपल्याला ख्रिस्ती म्हणत नाहीत, आपल्याकडे ठेवलेली गोष्ट आपल्याकडे राहते का ते बघतात. त्या अपमानाचा राग मी कितीतरी वर्षं धरून होते. तू प्रेमानं समजावू शकली असतीस, असं मला अजूनही वाटतं.

काल दुपारी लेकीला व्हायोलिनच्या क्लासवरून आणत होते. सिग्नलला गाडी थांबली आणि ती बोलायला लागली. या वेळी थरथरणाऱ्या हातांपेक्षा फार मोठं होतं. सांगून झाल्यावर समोर रस्त्याकडे बघतच म्हणाली, "यू कॅन प्रे. जस्ट नॉट विथ युअर माउथ." मी नुसती मान हलवली. हे पुन्हा बाहेर गेलं तर ती मला जन्मात काही सांगणार नाही, हे मला कळतं. आणि आज सातला ते सगळे माझ्याच घरात असणार.

आता रात्र झालीय. सभा झाली. सगळे जेवून गेले. विषय विचारायची वेळ आली तेव्हा पार्किंगमधल्या त्याच मावशी म्हणाल्या, "लेक कशी आहे गं आता? काही विषय?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. वर जिन्याच्या टोकाशी तिची पावलं थांबलेली मला ऐकू आली. घशाशी आलं होतं, आई, अक्षरशः जिभेवर होतं. मी म्हणाले, "माझ्यासाठी करा. माझ्या जिभेसाठी." त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. एक काका म्हणाले, "यार, मग आमची पण ॲड करा लिस्टमध्ये," आणि सगळे हसले. थोड्या वेळानं ती खाली आली, ताट वाढून घेतलं आणि वर निघून गेली.

आता एक कबूल करते. भांडी लावून पुन्हा लिहायला बसले तेव्हा तिनं काल जे सांगितलं ते मी तुला लिहिलं होतं, पानभर. तू तर गेलेली, तुझ्याकडून कुठे काय बाहेर जाणार, अशी मनाची समजूत घातली होती. मग वाचून पाहिलं आणि पान फाडून सिंकमध्ये भिजवलं. फाडताना फार जिवावर आलं, आई. छान लिहिलं होतं.