तुलनेच्या गटातली एकेचाळीस नंबरची बाई

डोंबिवली पूर्व
शुक्रवार, २८ नोव्हेंबर २०२५

हौसाआतेला रुपालीचा वाकून नमस्कार.

आम्ही सगळे बरे आहोत. ऋतिकाची सहामाही झाली, गणितात काठावर वाचली. सासूबाईंचा खोकला कमी आहे. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, तुला बोट ठेवून वाचता यावं म्हणून.

तुझ्या गुडघ्याच्या गोळ्यांचं पाकीट फळीवर शोधू नकोस. मसाल्याच्या डब्यामागचं ते पाकीट काल मी नेलं. चोरलं म्हण हवं तर. दुसरं आणूही नकोस, मेडिकलवाल्याने कितीही प्रेमाने दिलं तरी. का ते पुढे लिहिते.

काल मी अचानक उगवले तेव्हा तू विचारलंस, "आज कशी गो आलीस? मार्गशीर्षातला गुरुवार, बाजार थंड, म्हणून मी घरात गावली तुना." मी म्हटलं, सहजच. आते, मी सहज आले नव्हते. माजिवड्याच्या ऑफिसातून रिक्षा करून आले होते. एक गोष्ट सांगायला आले होते आणि ती न सांगता, तुझ्या हातची भाकरी आणि वांग्याची भाजी खाऊन परत गेले. आमच्या घरी गुरुवार पाळतात हेसुद्धा तू लक्षात ठेवून मासळीचं भांडं झाकून ठेवलंस. ते बघून मी सांगायचं पुढे ढकललं. मी तुझ्या पायांकडे बघत बसले. चपलेच्या पट्ट्याची खूण सुजलेल्या पावलावर खोल रुतलेली होती. भाऊबीजेलाही ती मला दिसली होती आणि मी काय म्हणाले होते? "आते, जरा चालायचं कमी कर." एवढी शिकलेली डॉक्टर मी.

आधी कामाचं सांगते, म्हणजे बाकीचं कळेल.

गेलं दीड वर्ष मी ज्या अर्जामागे लागले आहे तो तुला माहीत आहे. खाडीकाठच्या आठ गावांतल्या दोन हजार बायकांच्या किडन्या तपासायच्या, पाच वर्षं. एवढं मोठं काम कुणी नुसत्या शब्दावर देत नाही. आधी छोटा अभ्यास करून दाखवा म्हणतात. म्हणून आम्ही साठ बायकांचं रक्त घेतलं. तीस मासे विकणाऱ्या, तीस न विकणाऱ्या. न विकणाऱ्या कशाला? तर तुलनेला. बाजारात बसणाऱ्या बाईला दिवसभर जायला जागा नसते, म्हणून ती पाणीच पीत नाही. त्यावर दुखण्याच्या गोळ्या खाते. मग तिची किडनी घरच्या बाईपेक्षा खराब होते का, हे बघायचं होतं.

हे मला सुचलं कुठून ते मी अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय. "परिचयातील एका मासेविक्रेत्या महिलेच्या निरीक्षणावरून." परिचयातील! पहाटे चारला अर्धा कप चहा आणि मग दुपारी तीनपर्यंत थेंब नाही. मी सहा वर्षांची तुझ्या टोपलीमागे बसायचे, तहान लागली म्हणायचे, तर तू मला एकच घोट द्यायचीस आणि स्वतः तोंड फिरवायचीस. ती बाई माझ्या परिचयातली.

काल त्या छोट्या अभ्यासाचे आकडे पैसे मंजूर करणाऱ्या कमिटीपुढे मांडायचे होते. सात जण बसलेले. मी निळी पैठणी नेसले होते, म्हणजे बघ. आमच्या सुश्रुतने, आकडेवारी सांभाळणारा तो मुलगा, पडद्यावर छान चित्र काढलं होतं. एक बाई म्हणजे एक ठिपका. किडनी जितकी खराब तितका ठिपका वर. डावीकडे मासे विकणाऱ्या, बऱ्याच वर चढलेल्या. उजवीकडे घरी असणाऱ्या, सगळ्या खाली दाटीवाटीने बसलेल्या. फक्त एक ठिपका उजवीकडे असून पार वरती. साठ जणींत सगळ्यांत वर.

अध्यक्षांनी लाल दिवा नेमका त्याच्यावर आणला. "आणि ह्या बाई?"

मी घाबरले नाही. माझी तयारी होती. म्हटलं, "सर, हा एकच आकडा सुटा आहे. बहुतेक लॅबची चूक. काढला तरी निष्कर्ष बदलत नाही." आणि बटण दाबलं. पुढचं चित्र तेच, तो ठिपका तेवढा नाही. अध्यक्ष म्हणाले, "हं, आता स्वच्छ दिसतंय." मान्यवरांनी माना डोलावल्या. चहाच्या वेळी एका बाईंनी तर माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. मी दोन सामोसे खाल्ले, आते. हे मला राहून राहून आठवतंय, की मी दोन सामोसे खाल्ले.

दुपारी टेबलाशी आले. म्हटलं, लॅबला नंबर कळवू आणि त्या बाईला पुन्हा रक्त द्यायला बोलावू. अभ्यासात नावं नसतात, नुसते नंबर असतात, नावांची यादी कुलपात. कुलूप काढलं. नंबर एकेचाळीस. वाड्यात नावं लिहून घेणाऱ्या रतनच्या अक्षरात लिहिलेलं होतं: हौसाबाई दामाजी नाखवा, वय ५८, काम: घरकाम.

मी ते किती वेळा वाचलं मला माहीत नाही. वाटलं दुसरी कुणी हौसाबाई असेल. कोळीवाड्यात दुसरी हौसाबाई नाही हे मला माहीत असून मी तसं वाटून घेत होते. पायाखालची वाळू सरकते म्हणतात ना, तसलं काही झालं नाही. उलट सगळं जागच्या जागी होतं. पंखा फिरत होता, बाहेर शिपाई मोबाईलवर हसत होता. मीच तेवढी जागेवर नव्हते.

रतनला बोलावून घेतलं. तिच्यावर ओरडले. "तू कोळीवाड्यातली, तू रोज हिला बाजारात बघतेस, आणि घरकाम लिहितेस?" ती बिचारी रडायला लागली. म्हणाली, "ताई, तीस बायका पुऱ्या व्हत नव्हत्या. एकोणतीस झालेल्या. हौसाआय आली आणि बोल्ली, माझे पोरीचा काम हाय, एक कमी पडतंय ना, मना लिव. मी बोल्ले, आय, तू तं मासली इकतंस. तं बोल्ली, तसा लिवू नको. रुपाचे सासरी म्हाईत नाय. कागद तिचे हापिसात जातील, पोरीची नाचक्की व्हईल. मना घरीच असतंय असा लिव." आणि पुढे म्हणाली, "ताई, सगल्या वाड्याला म्हाईत हाय ना. आमी कोनीच बोलत नाय."

सगळ्या वाड्याला. अकरा वर्षं तुम्ही सगळ्या जणी माझी लाज सांभाळताय, आणि मला वाटत होतं की ती गोष्ट आपल्या दोघींतली आहे.

आठवतं ना तुला? माझ्या साखरपुड्याआधी, सासरची मंडळी यायची होती. मी तुला मोरीपाशी गाठून म्हटलं होतं, "आते, तू घरीच असतेस असं सांग हां." माझी आई गेली तेव्हा मी चार वर्षांची. मला शाळा, कॉलेज, डॉक्टरकी सगळं तुझ्या टोपलीने दिलं, आणि मी म्हटलं, घरीच असतेस असं सांग. तू एक क्षण माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "बरां. सांगन तसा." त्या दिवशी लिंबाने हात घासत होतीस, बोटांवरच्या कापांना झोंबत होतं तरी घासत होतीस. मी बघितलं आणि साडीच्या निऱ्या नीट करायला आत गेले. ज्यांच्या घरी मासळीवाचून घास उतरत नाही त्या लोकांपासून मी मासळीवाली लपवली. नवऱ्याला माहीत होतं, त्यानेही कधी विषय काढला नाही. सोयीचं होतं सगळ्यांना.

अजून एक सांगायचंय आणि ते सगळ्यांत वाईट आहे. तुमचे रिपोर्ट चार तारखेला आले. ज्यांचे खराब असतील त्यांना आठ दिवसांत कळवायचं, हा नियम मीच लिहिलेला. मासे विकणाऱ्यांचे रिपोर्ट मी उघडले, कळवले. तुमच्या गटाचा गठ्ठा मी उघडलाच नाही, चित्रासाठीचे आकडे लॅबकडून थेट सुश्रुतकडे गेले होते. घरच्या बायका आहेत, ठणठणीत असतील, कमिटी झाल्यावर बघू, आधी चित्रं नीट करू. तेवीस दिवस तुझा कागद माझ्या खणात पडून होता. तेवीस दिवस तू गोळ्या खात होतीस, पाणी न पिता.

आता कागदावर काय आहे ते. क्रिएटिनिन म्हणून एक आकडा असतो, तो बाईचा साधारण एकच्या आतबाहेर असायला हवा. तुझा तीन पूर्णांक चार आहे. म्हणजे तुझ्या दोन्ही किडन्या फार थोडं काम करताहेत. एका रिपोर्टवर सगळं ठरत नाही, परत तपासतील, किती सुधारता येईल ते बघतील. मी तुला खोटा धीर देणार नाही, आणि घाबरवणारही नाही, मीच दोघींच्या वाटचं घाबरून घेतलंय. आजपासून गोळी नाही. खारे बोंबील, सुकट नाही. पाणी किती प्यायचं ते डॉक्टर सांगतील, उगाच तांब्यावर तांबे रिकामे करू नकोस. उद्या सकाळी दहाला किडनीच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. साडेआठला मी न्यायला येते. दाखल करतील असं धरूनच पिशवी भर.

आज सकाळी दोन कामं केली. कमिटीला लिहून कळवलं की एकेचाळीस नंबर ही लॅबची चूक नव्हती. ती बाई चाळीस वर्षं मासे विकते, आमच्याकडून चुकीच्या गटात गेली, तिचा रिपोर्ट माझ्या हलगर्जीमुळे अडकून राहिला आणि ती माझी नातेवाईक आहे. तुझं नाव सांगितलेलं नाही, ते सांगायचं की नाही हे तू ठरव. तासाभरात अध्यक्षांचा फोन आला. चांगलेच रागावले. मंजुरी थांबवली आहे, सगळे आकडे पुन्हा दुसऱ्या कुणाकडून तपासून घेणार. अर्ज बहुधा माझ्या हातून जाईल. सुश्रुत मला समजावायला आला, "मॅडम, खरं तर तो ठिपका डावीकडे नेला तर आपला मुद्दा आणखी स्ट्राँग होतो." मी त्याच्यावर इतकी ओरडले की अख्ख्या मजल्याला ऐकू गेलं. मग मी त्याची माफी मागितली. त्याचं म्हणणं खरं होतं, म्हणूनच ते मला ऐकवलं नाही.

दुसरं काम, सासूबाईंना सांगितलं. स्वयंपाकघरात, उभ्या उभ्या. त्यांनी गॅस बंद केला. मग म्हणाल्या, "अगं, बाजारातली सवय, म्हणून त्या आपल्याकडे कधी पाणी घेत नाहीत होय? मला वाटायचं, संकोचतात." नंतर मला नको नको ते बोलल्या, आणि सगळं बरोबर बोलल्या. शेवटी विचारलं, "त्यांना पथ्याचं काय लागेल?" मी रडत रडतच पथ्याची यादी सांगितली.

आता तू काय म्हणशील ते मला पाठ आहे. परवा रविवार, गिऱ्हाईक तुटून पडणार, आणि जागा रिकामी दिसली की दुसरीची टोपली येऊन बसते. घरातलं कुणी बसलं तर जागा राहते, हा तुमचा बाजाराचा कायदा. तर परवा तुझ्या जागेवर मी बसणार आहे. तुझ्या शेजारी टोपली लावणाऱ्या जनीमावशीशी बोलले, माल ती माझ्यासाठीही उचलेल. सोमवारपासून रजा टाकली आहे, जितके दिवस तू आत तितके दिवस मी बाजारात. मला कोयती नीट धरता येत नाही, पापलेट कापताना बायका हसतील, हसू देत. कुणी विचारलंच, तर सांगेन, हौसाबाईच्या जागेवर हौसाबाईचीच बसली आहे.

आते, मी तुला दोनदा बाजूला काढलं. एकदा लग्नात आणि एकदा काल, बटण दाबून, सात माणसांसमोर. दोन्ही वेळा सगळं स्वच्छ दिसायला लागलं आणि लोकांनी माझं कौतुक केलं. माफ कर असं लिहायला मला तोंड नाही. तू माफ करून टाकशील हे माहीत आहे म्हणून तर आणखीच नाही. रागाव. दोन दिवस बोलू नकोस. पण उद्या चल.

हे पत्र रतन आणून देईल. आधी लिहिणार होते की तिला वाचू देऊ नकोस. वाचू दे. तिच्याकडून वाड्यालाही कळू दे. आणि उद्या साडेआठला मी दारात आल्यावर जर तू "मना काय झालंय, मी घरीच बरी हाय" म्हणालीस, तर मी गल्लीच्या मधोमध उभी राहून, कोळीवाड्याला ऐकू जाईल अशी ओरडून सांगेन की ही बाई मासे विकते आणि ही माझी आई आहे.

हौसाबाई कोळणीची पोर,
रुपाली