दोन्हीकडे कुणालाच नाही

प्रिय ठकू,

काल फोनवर तू एवढेच म्हणालीस, "बाबा, बाळाचा ओठ दुभंगलेला आहे," आणि फोन ठेवलास. उभा जन्म तर्कशास्त्र शिकवण्यात गेला, मुद्दे कागदावर मांडायचीच सवय आहे. म्हणून लिहितो आहे.

बाकीचे तुझ्या आईकडून कळले. आधी सिद्ध काय झाले ते पाहू. सोनोग्राफीत वरच्या ओठाला डावीकडे फट दिसली. हृदय, मेंदू, कणा यांत दोष दिसला नाही. टाळूची खात्री जन्मानंतरच होईल. ओठ शिवता येतो, हे डॉक्टरांनीच सांगितले. यातून 'हे मूल नकोच' हा निष्कर्ष निघत नाही. तुझ्या सासूबाई म्हणतात, "लोकांना तोंड कसं दाखवायचं?" व्यंग बाळाला आणि लाज यांना! जावईबापू गप्प आहेत. ती संमती आहे की भीती, मला ठरवता येत नाही. मूल ठेवायचे की नाही, याचे उत्तर तुम्हाला सोमवारी डॉक्टरांना द्यायचे आहे.

मूल ठेव, असे मी म्हणणार नाही. बाहेर बसून उपदेश करणे फार सोपे. पण खोट्या गृहीतकावरून तू निर्णय घ्यावास, हे मला मान्य नाही. "घरात कुणाला असं होतं का?" असे डॉक्टरांनी विचारले, तेव्हा तू म्हणालीस, "दोन्हीकडे कुणालाच नाही." त्यावर सासूबाईंची पुस्ती, "आमच्या तर सात पिढ्यांत नाही हो!"

ठकू, तू खोटे बोलली नाहीस. तुला ठाऊकच नव्हते. मी तान्हा असताना माझा ओठ शिवला होता. मिसरूड फुटल्यापासून तो व्रण मिशीखाली आहे. तुझ्या आईला लग्नाआधीच सांगितले होते. ती म्हणाली, "बोलायचं काही थांबत नाही ना? मग झालं तर." त्यानंतर विषय निघाला नाही. आज सकाळी मिशी काढली. आई म्हणाली, "आता चहा सांडलात तर मिशीवर खापर फोडता येणार नाही." सोमवारी मी तुझ्याबरोबर डॉक्टरांकडे येतो आहे, त्यांना खरी माहिती मिळायला हवी. कुणाकडून आले, असे कुणी विचारले तर खुशाल माझ्याकडे बोट दाखव. पण त्याआधी, आत जाण्यापूर्वी, बाहेरच्या बाकावर बसून हा चेहरा नीट बघ. मग तुझे तू ठरव.

तुझाच,
बाबा