वाचनालयाची पाटी आणि मामंजींचं पिठलं

पद्माकरभाऊजी, तुम्हाला आणि विनिताला ऑस्ट्रेलियातल्या क्रेगीबर्नहून वहिनीचा पोटभर आशीर्वाद. (लिहितेय सून मेधा, बोलतेय मी. शुद्धलेखनाच्या चुका तिच्या, बाकीच्या माझ्या.) गुडघा कसा आहे? काढा पिताय की विनिताची पाठ वळली की कुंडीत ओतताय? मी ठणठणीत. तीन महिन्यांसाठी लेकाकडे आले आणि करोनापायी विमानंच बंद झाली. इथे घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायला मनाई आहे. मी फाटकापुढे जात नाही, त्यामुळे सरकारचं नि माझं बरं जमतं.

तर तुमचं काम. गावच्या वाचनालयावर मामंजींच्या नावाची ‘माजी आमदार’ म्हणून पाटी लावायची, त्यासाठी तुम्ही माहिती मागवलीत. यतिन दिवसभर बेडरूममध्ये ऑफिस थाटून बसतो, म्हणून शोध मेधाच्या गळ्यात पडला. तिने कॉम्प्युटरवर जुन्या आमदारांच्या याद्या पालथ्या घातल्या. मामंजी कुठेच नाहीत! मी म्हटलं, नीट बघ, फेट्यासकट सहा फुटी माणूस, जाईल कुठे? यतिन जेवायला बाहेर आला की विचारायचा, “आई, आजोबा नक्की आमदार होते ना? की नुसतंच म्हणायचे?” मला राग आला. मी लग्न होऊन आले तेव्हापासून पोस्टमन काय, एसटीचा कंडक्टर काय, सगळे त्यांना आमदारच म्हणत. मग एका दुपारी मेधा म्हणाली, “आई, तुमच्या मतदारसंघातून आपल्याच आडनावाच्या एक बाई निवडून आल्यात. कोण या?” आणि तिने नाव वाचलं. भाऊजी, माझा हात आपसूक पदराकडे गेला. पदर अंगातल्या नातीच्या, मितालीच्या हुडीत अडकलेला, मग हुडीची टोपीच डोक्यावर ओढली आणि उभी राहिले. मेधाला वाटलं, थंडी वाजली.

त्या सासूबाई होत्या.

तुम्ही तेव्हा रांगत होतात, तुम्हाला दोष नाही. आपल्याला काय सांगितलेलं? मामंजी अधिवेशनाला मुंबईला जायचे आणि जेवणाची आबाळ नको म्हणून सासूबाई सोबत. मामंजींना पिठलं इतकं सुरेख कसं जमायचं, ते आता कळलं. (अधिवेशन लांबलं की भाकरीही थापत असणार.) कित्येक वर्षं मी सासूबाईंच्या शेजारी चुलीपुढे बसले, पण त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत. काही सांगायचं असलं की आधी उठून उभ्या राहायच्या, अगदी “मीठ कमी आहे” एवढं म्हणायलासुद्धा. मी समजायचे, गुडघे धरतात. बाहेर ओटीवर कुणी “आमदार आहेत का?” म्हणून हाक दिली की त्या मुकाट चहाचं आधण वाढवायच्या. तेव्हा चिडत असतील का? की मनात हसत असतील? मामंजींनी तरी कधी कुणाला “अहो, मी नव्हे, ही” असं का म्हटलं नाही? सांगायला आता कोणी उरलं नाही. मेधा म्हणते, त्या सभागृहात काय बोलल्या तेही सापडेल. सापडू दे. परक्या माणसांपुढे भाषण करणारी बाई माझ्याशी मिठापलीकडे बोलली नाही, हे मात्र जिव्हारी लागलंय. मीही कधी विचारलं नाही म्हणा.

विमानं चालू असती तर मी समारंभात पुढच्या खुर्चीत बसून त्या पाटीला टाळ्या वाजवल्या असत्या. असो. पाटीचं तुम्ही थोर माणसं ठरवाल ते खरं. इतक्या लांबून मी काय बोलणार?

ता. क. : काही ठरवू नका. पाटी बदला. कोरणाऱ्याला आजच फोन करा. मामंजींना ‘यांचे पती’ म्हणून खाली बारीक अक्षरात बसवा, त्यांना सवय नाही, पण होईल.

आणखी एक : पाटीवरचं नाव मेधा लिहायला निघाली होती, मी पेन काढून घेतलं. सासूचं नाव मी तोंडाने कधी घेतलं नाही, आताही घेणार नाही. पण हाताने काढू नये असं मला कोणी सांगितलेलं नाही. मेधाने आठवडाभर गिरवून घेतलं. ‘थु’ जरा कलंडलाय, तेवढा सरळ करा. बाकी खाली काढलंय तसंच कोरा.

मथुराबाई