खिडकीची फट

४ डिसेंबर
आलो एकदाचे नव्या घरी! दोनच खोल्या, पण खिडकीतून टेकडी दिसते आणि टेकडीवरून उतरणारं धुकं. खोकी सोडायच्या आधी रॉकेलचा हीटर मांडला. टाकी बाहेर नेऊन भरली, वात नीट भिजू दिली, मग काडी लावली. ज्योत कशी निळीशार, शाळेत आम्हाला पाठ असलेल्या कवितांमधल्या संध्याकाळसारखी! मी गुणगुणू लागलो, तर ही म्हणाली, अहो, कवितेने खोली तापत नाही, जरा वात वर करा. खिडकी मात्र चार बोटं उघडी ठेवली. हिच्या दम्याला कोंडलेली हवा सोसत नाही.

७ डिसेंबर
ज्योत पिवळी पडली, वास सुटला. हीटर विझवला, गार झाल्यावर वातीवरची काजळी खरवडली, वाकडी कड कात्रीने सारखी केली. तरी पिवळीच. मग खिडकीकडे लक्ष गेलं. फटीत लोकरीच्या चिंध्या ठासलेल्या, हवा येणार कुठून! हिला विचारलं, तर मलाच ऐकवलं की आपणच करायचं आणि आपणच विसरायचं.

९ डिसेंबर
पुन्हा चिंध्या. घरमालकीणबाईंना दाखवल्या. त्यांचा चेहरा उतरला. आधी इथे एक आई आणि तिचा मुलगा राहत. तिला थंडी सोसेना, सारखी फटी बुजवत बसायची. एका सकाळी दोघंही हीटरपाशी गार सापडली. चिंध्या आम्ही तेव्हाच जाळल्या हो, एवढंच त्या पुटपुटल्या.

११ डिसेंबर
लग्न झाल्यापासून हिने मला 'अहो'शिवाय हाक मारलेली नाही. आज म्हणाली, बाळा. मी हसलो. ती हसली नाही.

१२ डिसेंबर
टाकी रिकामी करून हीटर अंगणात ठेवला. दूध घेऊन परतलो तर खोलीत पिवळी ज्योत. शेजारी ही, माझी शाल फाडत बसलेली. बोटं बर्फासारखी. उद्या हिला मुलीकडे नेणार.

१३ डिसेंबर
निघता येईना. दाराला पाठ लावून बसली आहे. खिडकी जाम, हीटर विझता विझेना. काच फोडायला काठी उचलली, हातातून — डोकं फार जड. लिहीत राहिलो तर जागा राहीन. हिची छाती घरघरते आहे — कविता म्हणून पाहतो — पहिली ओळच —

घरघर थांबली. म्हणते, बाळा, किती गार पडलास. खरंच गार वाटतं. खिडकीशी थोडी फट राहिली आहे. वहीची पानं मऊ आहेत. हो आई, आलो, एवढी बुज—